घरात तीन भाषा, पोरगं कन्फ्यूज झालंय का?

पत्र

ताई, मी मूळची मिरजेची, लग्नानंतर बंगलोरला आले. नवरा मैसूरचा, कन्नड. सासूसासरे आमच्याजवळच राहतात. मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा आहे. मी त्याच्याशी मराठीत बोलते, बाकी सगळे कन्नडमध्ये, प्लेस्कूलमध्ये इंग्लिश. तो सगळं मिक्स करतो. 'आई नीरु दे', 'ऊट नको', असं, नीरु म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण. परवा हॉलमध्ये पळत पळत 'मी ओडतो, मी ओडतो' चाललेलं, मी आपली बघतीये हा काय ओढतोय, तर कन्नडमध्ये ओडु म्हणजे पळणं! जावेची मुलगी दोन महिन्यांनी लहान, ती इंग्लिशमध्ये पूर्ण वाक्यं बोलते. प्लेस्कूलची मिस म्हणाली मूल कन्फ्यूज झालंय, घरी एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्लिश. सासूबाई म्हणतात इंग्लिश कशाला, कन्नडच ठेवा. म्हणजे कुठूनही कात्री लावली तरी कापलं जाणार ते माझं मराठीच. मिरजेला व्हिडिओ कॉल केला की हा आज्जीला कन्नडमध्ये उत्तर देतो, तिला वाईट वाटतं. नवऱ्याने कुठेतरी वाचलंय की दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, तो म्हणतो तू बोलत राहा. आणि वर हिंदीचं काय, हा प्रश्न आहेच. नक्की खरं काय मानायचं? मी मराठी बंद करू का?
– मिरजेची आई

उत्तर

अगं, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. मराठी बंद करू नकोस. मिसचं चुकतंय, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, आणि नवऱ्याचा सल्ला बरोबर आहे पण त्याने दिलेलं कारण जरा कच्चं आहे, त्यावर खाली बोलूच.

तुझं ते 'मी ओडतो' वाचून मी खूशच झाले. नीट बघ त्याच्याकडे. ओडु कन्नड आहे, कबूल, पण मागचा 'तो' कुठून आला? कन्नडमध्ये स्वतःबद्दल 'मी पळतो' म्हणायचं असो की 'मी पळते', क्रियापदाचं रूप एकच, बाई बोलो नाहीतर पुरुष. म्हणजे हा 'तो' काही कन्नडने दिलेला नाही. आणि घरात मराठी बोलणारी तू एकटी, तू स्वतःबद्दल 'मी येते, मी करते' असंच बोलणार, म्हणजे त्याने नुसती तुझी नक्कल मारली असती तर 'मी ओडते' म्हणाला असता, आणि आईला चिकटून असलेले बरेच मुलगे काही दिवस 'मी जाते, मी खाते' म्हणतातही, त्यात काही बिघडत नाही, आपोआप सुधारतं. पण तुझ्या पठ्ठ्याने तू त्याला 'कुठे चाललास', 'बाबा येतो हं आता' असं जे बोलतेस त्यातून कुणी न शिकवता काढलं की मराठीत मुलग्याला 'तो' लागतो, स्वतःला मुलगा धरलं, आणि पळण्याचा कन्नड शब्द आधी तोंडाशी आला तर तो उचलून मराठी प्रत्ययात बसवून टाकला. पावणेतीन वर्षांचं पोर हे करतंय आणि आपण म्हणतोय कन्फ्यूज झालंय!

मिक्स करणं म्हणजे गोंधळ असेल तर मग आपण सगळेच गोंधळलेलो आहोत गं. 'मीटिंग अटेंड करून फाईल फॉरवर्ड केली' हे मराठी वाक्य आहे की इंग्लिश? आणि ती मिस स्वतः आयांशी कन्नड-इंग्लिश मिसळूनच बोलत असणार, बंगलोरच आहे ते. तू तर मिरजेची, तुझ्या लहानपणी मराठी, कानडी, उर्दू तिन्ही कानावर पडलंच असेल. तुझ्याच सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावावर १९७१ साली गम्पर्झ आणि विल्सन या दोघांनी एक पेपर लिहिला, जगभरचे भाषा शिकणारे लोक तो अजून वाचतात, त्यात होतं काय तर गावात घरोघर भाषा वेगळ्या, कुणाची कानडी, कुणाची उर्दू, कुणाची मराठी, पण पिढ्यानपिढ्या सगळे एकमेकांशी इतकं बोलत आले की वाक्यरचना जवळजवळ एकसारख्या होऊन बसल्या, आणि तरी कुणी आपली घरची भाषा सोडली नव्हती. तिथल्या पोरांना घरी एकच भाषा ठेवा असं सांगायला कुणी गेलं नव्हतं, हे बरंच झालं म्हणायचं.

खरंच दोन भाषांचा गोंधळ झाला असता तर मुलाने समोर कोण आहे हे न बघता काहीही बोललं असतं. तसं होत नाही. कॅनडात माँट्रियलला फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच-इंग्लिश घरातली दोन वर्षांच्या आसपासची मुलं बघितली, ती मुलं आईशी आईची भाषा जास्त वापरत, बाबांशी बाबांची, आणि अगदी अनोळखी माणूस आणून बसवला तरी त्याची भाषा बघून आपलं बोलणं बदलायचा प्रयत्न करत, शब्दच माहीत नसला की मग दुसऱ्या भाषेतला घालत. तू घरी बघ, सासऱ्यांशी बोलताना तो 'दे' किंवा 'नको' घालतो का? माझा अंदाज, फार कमी.

आता जावेची मुलगी. हे तुलनेचं प्रकरण प्रत्येक घरात असतं, त्यावर औषध नाही, पण निदान हिशोब तरी नीट करू. तिचे पैसे एकाच खिशात आहेत, तुझ्या मुलाचे तीन खिशांत विभागलेत, आणि मिस फक्त इंग्लिशचा खिसा चाचपतीये. मायामीमध्ये स्पॅनिश-इंग्लिश घरातल्या लहान मुलांचे शब्द असेच मोजले होते, १९९३ साली ते छापून आलं. एकेक भाषा सुटी धरली तर शब्द कमी भरायचे, दोन्ही मिळून किती गोष्टींना मुलाकडे नाव आहे असं मोजलं की एकच भाषा बोलणाऱ्या मुलांच्या बरोबरीला यायचे. तूही एका रविवारी कागद घेऊन बस आणि मराठी, कन्नड, इंग्लिश सगळे शब्द लिहून काढ, जोडून बोललेली वाक्यं पण लिही. 'आई नीरु दे' हे तीन शब्दांचं वाक्यच आहे, त्यात कोणत्या भाषेचे किती हे त्याच्या वयाला गौण आहे.

एक मात्र गंभीरपणे सांगते. घरात जास्त भाषा असल्याने बोलणं मागे पडत नाही, त्यामुळे बोलणं खरंच मागे असेल तर 'दोन भाषा आहेत ना म्हणून' असं म्हणून वाटही बघत बसायचं नाही. एकच भाषा असो की तीन, पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जातात, कुठल्याही भाषेतले चालतात. दोन वर्षं होऊन गेली तरी कोणत्याच भाषेत जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, तर आधी कान तपासून घ्यायचे, मग स्पीच थेरपिस्ट. तुझ्या पत्रावरून तुझ्या मुलाचं असं काही दिसत नाही, पण पत्र वाचून मूल तपासता येत नाही, म्हणून मनात किडा राहत असेल तर सासरी मैसूरला जाता तेव्हा तिथल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगला दाखवून ये. बोलणं-ऐकणं यावरचीच केंद्र सरकारची संस्था आहे ती, आणि घरात दोनतीन भाषा ही त्यांच्यासाठी रोजचीच गोष्ट आहे. कुठेही गेलीस आणि कुणी बघताक्षणी 'एक भाषा बंद करा' म्हणालं तर विचार की कशावरून. बोलायला खरंच उशीर झालेल्या मुलांनाही घरची भाषा काढून घेतल्याने फायदा होतो असं काही दिसलेलं नाही, उलट आई स्वतःच कमी बोलायला लागते.

आता नवऱ्याचा तल्लख मेंदू. ह्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं एकच टोक फिरतं.

शंभरेक वर्षांपूर्वी ह्याच्या बरोबर उलटं मानायचे. १९२३ साली वेल्समध्ये सेअर नावाच्या माणसाने शाळकरी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, आणि वेल्श-इंग्लिश दोन्ही बोलणारी खेड्यातली मुलं मागे पडली म्हणून दोन भाषांनी डोक्याला त्रास होतो असं जगभर पसरलं. त्याच्याच आकड्यांत शहरातल्या मुलांमध्ये असा फरक नव्हता, पण ते कोण बघतो! खेड्यातलं मूल, चाचण्या शहरी पद्धतीच्या, मागे पडणारच. तुझ्या मिसने जे सांगितलं ते तिला कुणीतरी सांगितलं, त्याला अजून कुणीतरी, आणि ती साखळी मागे नेली तर ह्याच काळात जाऊन पोचते.

मग १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लॅम्बर्ट यांनी १० वर्षांच्या फ्रेंच मुलांची चाचणी घेतली, तर दोन भाषा येणारी मुलं पुढे! तिथून वारं फिरलं. पण त्यांनी दोन्ही भाषा अगदी सारख्याच छान येणारी मुलं निवडून घेतली होती, आणि अशी मुलं मुळातच हुशार असण्याची शक्यता उरतेच की. पुढे टोरंटोच्या एलेन बायलीस्टॉक यांनी बरंच काम केलं, म्हणणं असं की डोक्यात दोन्ही भाषा सतत जाग्या असतात, एक बोलताना दुसरी दाबावी लागते, ह्या रोजच्या सवयीने लक्ष इकडचं तिकडे वळवणं, नको ते बाजूला सारणं ह्यात मुलं तरबेज होतात. ऐकायला पटतंच. पण २०१० नंतर बाकीच्यांनी तेच प्रयोग करून बघितले तर कधी फरक दिसला, कधी नाही, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या साडेचार हजार मुलांची माहिती घेऊन बघितलं तेव्हा लक्ष, स्वतःला आवरणं वगैरेत दोन भाषांचा फायदा सापडला नाही. तोटाही नाही, फक्त इंग्लिश शब्द किंचित कमी, ते आपल्या खिशांच्या हिशोबात बसतंच.

आपल्याकडचंही काम आहे बरं का. ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध आदिवासी मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं, कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं आणि नुसती ओडिया बोलणारी त्याच समाजातली मुलं, म्हणजे गरिबी, राहणी सगळं साधारण सारखं, आणि दोन्ही भाषावाली मुलं भाषेकडे भाषा म्हणून बघण्यात पुढे निघाली. शब्द म्हणजे वस्तू नव्हे, पाण्याला पाणी म्हणायचं हे फक्त आपण ठरवलंय, ही समज त्यांना लवकर येते. हे मला पटतं कारण ते घरात दिसतं, ज्या मुलाला पाण्याची दोन नावं माहीत आहेत त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या टीमने डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ६४८ पेशंटांची माहिती तपासली, २०१३ मध्ये छापून आली, त्यात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना तो आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, अगदी शाळेत न गेलेल्यांमध्येही. त्यावरही वाद चालू आहेत, आणि तसंही म्हातारपणीच्या फायद्यासाठी कुणी पावणेतीन वर्षांच्या पोराशी मराठी बोलत नाही.

म्हणून नवऱ्याला सांग, हुशारीचं इंजेक्शन म्हणून मराठी नको. त्या आशेने बोलायला लागलं की मग रिझल्ट बघायची घाई होते, आणि पहिलीत मार्क कमी पडले की आधी मराठीवरच संशय येतो. मराठी बोलायची कारण ती तुझी भाषा आहे, तू रागावतेस मराठीत, लाड करतेस मराठीत, आणि मिरजेला त्याचे आज्जी-आजोबा आहेत. मला वाटतं एवढं कारण भरपूर झालं.

आता ज्याची खरी काळजी करायला हवी ते. तुझ्या पत्रात मला मिक्सिंगपेक्षा जास्त टोचलं ते आज्जीला कन्नडमध्ये उत्तर देणं. बेल्जियममध्ये आनिक डे हौवर यांनी जवळपास १,९०० कुटुंबांची पाहणी केली, २००७ मध्ये ती आली, सगळी अशी की घरात निदान एक पालक बाहेरच्या भाषेपेक्षा वेगळी भाषा बोलतोय. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुलं ती भाषा बोलतच नव्हती. दोन्ही पालक घरात फक्त तीच भाषा बोलत असतील तर जवळजवळ सगळीकडे टिकली, एकानेच बोलली आणि दुसऱ्याने बाहेरची, तर चारातल्या तीन घरांत. तुझं घर ह्या दुसऱ्या प्रकारातलं, उलट जास्तच अवघड कारण सासूसासरेही कन्नडच्या बाजूला. कन्नडला घर आहे, गल्ली आहे आणि २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकवावंच लागतं. इंग्लिशला शाळा, ऑफिस, टीव्ही, सगळं जगच आहे. मराठीला त्या घरात तू एकटी आहेस. त्यामुळे एक भाषा सोडायची असेल तर मराठी सोडा हा सल्ला म्हणजे जी आधीच लंगडतीये तिलाच धक्का.

एकटीने टिकवायची तर भाषा किती तास आणि किती निरनिराळ्या तोंडून कानावर पडते ह्यावर सगळं येतं. यूट्यूबवर मराठी बडबडगीतं लावून दिली आणि काम झालं, असं होत नाही गं. सिएटलला पट्रिशिया कुल यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, काहींना समोर बसलेल्या बाईने खेळत खेळत, काहींना तेच स्क्रीनवर, बाईसमोरची बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, स्क्रीनवाली नाही. पण व्हिडिओ कॉल वेगळा! २ ते अडीच वर्षांच्या मुलांवरच्या एका प्रयोगात, २०१४ मधल्या, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून नवे शब्द शिकता आले नाहीत पण समोरून उत्तर देणाऱ्या व्हिडिओ कॉलवर मुलं शिकली, प्रत्यक्ष भेटीसारखीच. तेव्हा मिरजेच्या आज्जीला नुसतं 'जेवलास का, कसा आहेस' यापुढे काम दे. तिने रोज दहा मिनिटं कॉलवर भाजी निवडत बसावं, हे काय, ते काय, कुठलं आधी टाकू, असं त्याला विचारत. आणि तो कन्नडमध्ये बोलला तर तोंड पाडायचं नाही, 'असं होय, नीरु म्हणजे पाणी हवंय तुला?' म्हणून पुढे बोलत राहायचं. त्याला कानडी झालास म्हणून चिडवायचं तर मुळीच नाही, घरात कुणी गमतीने म्हणत असेल तर थांबव, लहान मुलं असल्या गमती फार मनावर घेतात आणि मग बोलायचंच टाळतात.

तुझ्याबाबतीतही तेच. तो कन्नडमध्ये बोलला की 'मराठीत बोल!' असं दटावू नकोस, तू तीच गोष्ट मराठीत परत म्हण, किंवा सरळ न कळल्यासारखं 'काय हवंय रे?' विचार, बऱ्याचदा तो स्वतःच बदलतो. तू सासूबाईंशी कन्नड बोललीस म्हणून काही नियम मोडत नाही, एका माणसाने एकच भाषा बोलायची ही पद्धत युरोपात शंभर वर्षांपूर्वीपासून सांगतात पण ती आपल्या भरल्या घरात कुठे पाळता येणार! फक्त त्याच्याकडे वळलीस की मराठी, एवढं जमव. आंघोळ, जेवण, झोपताना गोष्ट, हे तुझे तास असू देत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे फुकट मिळते, तू मराठी वाच, आजोबा तीच कन्नडमध्ये वाचतील, आजोबांनाही काम आणि घरात भाषेवरून दोन पार्ट्या पडायच्या नाहीत. बंगलोरमध्ये मराठी बोलणारी अजून चार पोरं शोध, महाराष्ट्र मंडळात शोध नाहीतर तुझ्याच अपार्टमेंटच्या ग्रुपवर विचार, कारण वयाची पाच वर्षं झाली की मुलं आईपेक्षा मित्रांचं ऐकतात आणि फक्त आईशी बोलायची भाषा त्यांना आवडेनाशी होते. आणि मे महिन्यात महिनाभर मिरज, तू ऑफिसमुळे नाही राहू शकलीस तर त्याला आज्जीकडे ठेव, जमलं तर. तिथे कुणाला कन्नड येत नाही असं निदान नाटक तरी करा, मिरजेत ते खरं वाटायचं नाही पण पोरगं लहान आहे.

सासूबाईंचं अर्धं बरोबर म्हणाले ते ह्यासाठी की घरात इंग्लिश सुरू करू नका हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. तू आणि नवरा तोडक्यामोडक्या, रोजच्या इंग्लिशमध्ये त्याच्याशी बोलणार, त्यापेक्षा ज्या भाषेत तुम्हाला चिडता येतं, चिडवता येतं, गोष्ट फुलवता येते त्या भाषेत बोललात तर त्याला जास्त मिळेल. त्यांना हे तसंच सांग, तुमचं बरोबर आहे अत्ते म्हणून, खूश होतील, आणि मराठीला कन्नडच्या विरोधात उभी करू नकोस, दोघी मिळून इंग्लिशला घराबाहेर ठेवताय असं होऊ दे! नवऱ्याला जेवताना तुमचं दोघांचं बोलणं कळत नसेल तर त्याने थोडी मराठी उचलावी, मुलाकडूनच, मुलांना बापाला शिकवायला भयंकर आवडतं.

मिसशी वाद घालू नकोस, तिच्याकडे पंचवीस मुलं असतात. तिला एवढंच सांग की आम्ही घरी दोन भाषा ठेवणार आहोत, डॉक्टरांशी किंवा थेरपिस्टशी बोललोय असं खरंच बोलली असशील तर तेही सांग, आणि त्याला येणाऱ्या दहाबारा गरजेच्या शब्दांची चिठ्ठी तिच्याकडे दे, पाणी, शू, भूक, लागलं, आई, मराठी आणि कन्नड दोन्ही, इंग्लिश अक्षरांत लिहून. म्हणजे तो 'नीरु' किंवा 'पाणी' म्हणाला की तिला कळेल, आणि इंग्लिश शब्द तीच त्याला देईल, ते तिचंच काम आहे.

हिंदीचं टेन्शन सध्या अजिबात घेऊ नकोस. अपार्टमेंटच्या खाली खेळायला जायला लागला की वर्षभरात 'मेरेको दे ना' करत येईल वर, आणि तेव्हा तू मला पत्र लिहिशील की ताई, ह्याची हिंदी किती भयंकर आहे.